ह्यावर काय होतं?

दस्तगीरच्या टेम्पोतून ते उतरवायला
चौघं लागले, आणि पाचवा शिव्या द्यायला.
उद्यमनगरात लोखंडाचं कुणाला कौतुक नाही,
पण हे घराणं आमच्या ओळखीचं नव्हतं.

बुडाशी तीन कोनांचं झाकण,
त्याखाली चाकांच्या तीन जोड्या,
मधे मांडीएवढा खांब,
आणि खांबाच्या गळ्यात एक कडं,
एसटीच्या स्टेअरिंगएवढं, पण आडवं,
समोर रस्ताच नसलेलं.

इंगवले म्हणाला, दातांच्या डॉक्टरची खुर्ची.
पोरगा म्हणाला, तोफ.
दस्तगीर म्हणाला, किलोवर घेतलंय,
नाव घेऊन काय करू?

पाटीच्या जागी चार रिव्हेट
आणि पाटीएवढाच कमी मळलेला चौकोन.
जन्मदाखला म्हणाल तर तेवढाच.

मी लेथवरचा माणूस. नाव नसलं की माप घेतो.
नट सगळे इंचातले.
राखाडी रंगाखाली हिरवट, त्याखाली पुन्हा राखाडी.
चाकांचं रबर दगड झालेलं,
पण झिजलंय चहूकडून सारखं
आणि खडा एकही रुतलेला नाही.
म्हणजे हे रस्त्यावर कधी आलंच नाही,
जन्मभर घोटीव फरशीवर चाललं.

झाकण उचललं तर आत चेन.
सायकलच्या चेनची थोरली बहीण,
तिन्ही जोड्यांना एका दावणीला बांधणारी.
कडं फिरवलं की तिघी एकदम माना वळवतात.
पायाशी एक खटका, तो दाबला
की दोघी सरळ बघत राहतात, एकटीच वळते.
हा खटका कशासाठी, ह्या विचारात
माझी एक दुपार गेली, आणि शिरोलीची एक ऑर्डर.

खांबाच्या पोटात तारेचे दोर,
दोरांना टांगलेल्या शिशाच्या विटा.
दस्तगीर आता जवळ सरकला. शिशाला भाव असतो.
मी वरची कळ सोडणार
एवढ्यात दारातून कुणीतरी ओरडलं,
"हात काढ आधी!"

भैरू अतिग्रे. मिक्सरचं बुश करून घ्यायला आलेले,
काखेत पिशवी, पिशवीत भांडं.
पिशवी खाली ठेवली, दोन्ही हात कड्यावर ठेवले,
न बघता, आपल्या दाराची कडी लावावी तसे.

"आत शिसं भरलंय आणि वर काय न्हाई.
कळ सोडलीस तर तुझी हनुवटी फोडून
पत्र्याला जाईल ते.
आधी वजन, मग कळ."

"ह्यावर काय होतं?"

"कॅमेरा. टीव्हीचा. रेडकाएवढा.
मुंबईला एकवीस वर्षं ढकललं मी.
डोळा दुसऱ्याचा, पाय माझं."

रेडकाएवढं काय आणायचं?
शेजारी मार्केट यार्डाचा टेम्पो पंक्चर काढत होता.
गुळाचे तीन रवे उसने घेतले, तीस तीस किलोचे,
एकावर एक रचून दोरीनं आवळले.
वर एक पाना ठेव, म्हणाले. अजून एक. थांब, धाकटा काढ.
मग कळ सोडली.

काहीच झालं नाही.
"हेच व्हायला पायजे," अतिग्रे म्हणाले,
आणि कड्याखाली एक बोट लावलं.
नव्वद किलो गूळ वर गेला,
कुरकुर नाही, धक्का नाही,
आणि सोडला तिथंच थांबला.

मग ते चालायला लागले. लेथला वळसा,
ड्रिलच्या अंगावरून तिरपे;
वाटेत वेल्डिंगची वायर पडलेली,
झाकणाच्या काठानं तिला हलकेच बाजूला सारलं.
खटका दाबला, एकटं चाक वळलं,
अख्खा खांब कमानीसारखा फिरला.
माझी दुपार मला परत मिळाली.

गूळ हळूहळू इंगवलेसमोर येत गेला,
डोळ्यांच्या रेषेत उतरला, थांबला.
इंगवलेनं कॉलर सरळ केली,
मिशीवरून हात फिरवला.
कुणी हसलं नाही.

दस्तगीरनं शिशाचा भाव सांगितलाच, पण जाताना.
अतिग्रे मिक्सरचं भांडं विसरून गेले.

सकाळी शटर उघडलं तर मुंग्यांची रांग
चाकापासून खांबावर चढत होती,
वरच्या मोकळ्या पाटापर्यंत,
आणि तिथं गोल गोल फिरत होती.