गढीची वीट

पाळकसाहेब म्हणाले, दस्तगीर मेस्त्री,
नाताळाच्या आत उत्तरेची भिंत उरकून द्या,
चर्चला ओल येतीय.

छिन्नी लावली. सिमेंट पडलं,
मग रंगाचे थर, पिवळा, निळा, परत पिवळा,
मग चुना, गूळ-हिरडा घालून घाणीत मळलेला,
अजून नखाला दाद देत नाही.
आणि मग वीट.

सव्वा वीत लांब, दोन बोटं जाड.
आपल्या भट्ट्यांची नव्हे ही.
अशी मी एकदाच पाहिलीय,
सीनेकडच्या गढीच्या बुरुजात,
जिथं शेळ्या चढतात
आणि लोक पांढरी उकरून शेतात टाकतात.

दप्तरात एवढंच:
दुष्काळाच्या साली बांधलं.
खर्च रुपये इतके, वर तेरा आणे.
साहेबाचं नाव आहे. कौलं कुठून आणली तेही आहे.

भिंतीत त्याहून जास्त आहे.
कमरेपर्यंत सगळी वीट गढीची,
कुण्या किल्लेदारासाठी पाचशे वर्षांमागं भाजलेली.
तिथून वर जाड वीट, अर्धी कच्ची, घाईची.
गढी तर अजून संपलेली नाही.
वाहणारे संपले असतील.

आणि सांध्यातल्या चुन्यात, ओला असताना
बोटानं ओढलेल्या रेघा,
गवळी दाराला ओढतो तशा:
चार उभ्या, एक आडवी.
चार उभ्या, एक आडवी.
चार उभ्या.
पुढच्या आडवीसाठी
मी हातभर भिंत आणखी सोलली.
नव्हती.

"काय बघालाव ओ एवढं?"
एस्तेरबाई झाडू घेऊन मागं उभ्या.
दाखवलं. चष्मा पुसून त्यांनी पाहिलं,
बोट लावलं नाही.
"पन्नास विटंला शेरभर ज्वारी द्यायचे म्हणं.
भाकरीसाठी बाटली म्हणतंय गाव आमच्या पणजीला.
विटा किती वाहिली, ते कोण मोजालंय?"
आणि बाकांखालचा कचरा ओढत पुढं गेल्या.

मी पाळकसाहेबांना सांगितलं,
सिमेंट नको, ह्या विटेला श्वास लागतो, चुनाच करू.
ते म्हणाले, कमिटीनं सिमेंटच मंजूर केलंय.
मग सिमेंटच केलं. चार दिवस, सहा गोण्या.

गीतपुस्तकांच्या कपाटामागं
दोन हात जागा तेवढी सोडलीय.
कपाट जड आहे, कुणी सरकवणार नाही.

शेवटच्या दिवशी करणी हातात होती,
तिथं पाचवी रेघ ओढावी असं मनात आलं.
करणी धुतली,
पोत्यात टाकली,
मोहोळची शेवटची एसटी सहाला असते.