आगोटीबाहेरचे

आगोट भरायची रीत सासूने शिकवली:
वैशाख सरायच्या आत तांदूळ, कडवे वाल,
मसाला, मीठ, लाकडं,
सुके बोंबील, सोडे, जवळा.
बंदी लागली, होड्या वर ओढल्या
की या डब्यांनीच घर चालवायचं.

पण हा पाऊस सांगून येतो.
भिंतीवरच्या कॅलेंडरात त्याचा महिना असतो,
खाली तिथी, बाजूला भरती-ओहोटी.

जो न सांगता येतो, त्याच्यासाठी
मी वेगळी आगोट धरली.
जवळ्याच्या डब्यात, अगदी तळाला,
दुधाच्या धुतलेल्या पिशवीत
रोजचे वीस रुपये.
जीवना बंदरावरून पाटी बाजारात उतरली,
पहिलं गिऱ्हाईक झालं
की भवानीतले वीस कपाळाला लावायचे
आणि बाकीच्यांत मिसळू द्यायचे नाहीत.
माल अंगावर पडला त्या दिवशी पाच.
पाचही नसतील तेव्हा
वहीत नुसती रेघ.
दिवस विसरले नाही, एवढं तरी कळावं.

गॅस संपला, यातून नाही.
नणंदेच्या मुलीचं केळवण, यातून नाही.
शिमग्याला मात्र हात गेला.
पालखी दारात येणार,
आणि पोरीचा फ्रॉक काखेत उसवलेला.
तीनशे काढले, वहीत लिहिलं:
कुंदाला उसने.
फेडायला चैत्र गेला, अर्धा वैशाख गेला.
स्वतःचंच देणं इतकं चिवट असतं
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

हरेश जवळा भाजायला बसला तेव्हा
त्याच्या हाताला पिशवी लागली.
मोजले. माझ्याकडे बघितलं.
"एवढ्यात जाल्याचा एक तुकडा येल."
"येल."
"मंग?"
"मंग काय नाय. झाकण लाव, जवला सादलंल."
दोन दिवस बोलला नाही.
तिसऱ्या दिवशी जुनंच जाळं घेऊन
अंगणात बसला, सुई दातात धरून.
मीही शेजारी बसले, गाठी मारल्या.
डबा उघडला नाही.

कार्तिकात दोराने त्याचं बोट धरलं.
वादळ नाही, बावटा नाही,
लख्ख ऊन, तेलासारखं पाणी,
आणि दोर ओढणाऱ्या मशीनवर
उजव्या हाताचं मधलं बोट.
माणगावला नेलं. एक्स-रे, टाके, इंजेक्शनं, गाडीभाडं:
सहा हजार चारशे.
काउंटरवरच्या पोराने नोटा घेतल्या,
नाक मुरडलं,
मग हात लांब धरून मोजल्या.
मोज बाबा, नीट मोज.
जवळ्याचाच वास आहे तो.

शेठचा नंबर सगळ्यांच्याच फोनमध्ये वर असतो.
कुणाच्या घरी काही झालं
की पहिली रिंग तिकडे वाजते,
आणि तो नाही म्हणत नाही, कधीच.
मग वर्षभर मासळी त्याच्याच काट्यावर,
भाव तो म्हणेल तो,
आणि लिलाव चाललेला आपण लांबून ऐकायचा.
त्या रात्री फोन उशाशी होता.
कुणालाच लावायचा नव्हता.
किती तरी वेळ मी जागीच होते,
काळजीने नाही,
सवय नव्हती म्हणून.

आता पिशवीत ऐंशी रुपये आहेत.
हातात घेतली तर वजनच लागत नाही.

परवा मी भाकऱ्या थापत होते.
हरेशने डाव्या हाताने डबा काढला,
अर्धा जवळा ओट्यावर सांडला,
दहाचं नाणं आत सोडलं
आणि त्याच हाताने वहीत आकडा काढला.
दहातला एक आडवा पडलाय.
तारीखही चुकली आहे.
मी दुरुस्त केली नाही.