पेव

आयर्विन पुलाच्या पट्टीवर पाणी पंचेचाळीसला टेकलं,
तेव्हा मी मोजत होतो :
तांदूळ चार किलो, काडेपेट्या नऊ,
मेणबत्त्या अकरा, गेल्या नाताळातल्या.
मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात एकतीस वर्षं भांडार सांभाळलं.
मोजल्याशिवाय बोटं झोपत नाहीत.

रिक्षावरचा भोंगा ओरडत गेला, घरं सोडा.
शलोमी म्हणाली, "निघू या."
मी म्हणालो, "अजून दोन पायऱ्या आहेत."

आणि हा मीच, दर रविवारी
फ्लॅनेलच्या फळ्यावर निळ्या कापडाचा समुद्र
दोन्हीकडे सरकवून मुलांना सांगणारा :
मागे रथ, पुढे पाणी,
आणि देव म्हणतो, चालू लागा.
वाट अजून फुटलेली नसते, बाळांनो.
पाय आधी उचलायचा असतो.

माझा पाय उचलला
तो पाणी शिलाई मशीनच्या पायट्यावर चढल्यावर,
तोही दऱ्याप्पा आंबीनं दंडाला धरून.
नावेत बसता बसता विचारलं, "कुठं नेतोस?"
"कुठं म्हंजे? पाण्याभाईर. बसा मास्तर."

मिरजेची शाळा. सातवी ब.
फळ्यावर कुणाचा तरी अर्धा राहिलेला लसावि,
खाली सतरा कुटुंबं.
सकाळी टेम्पो यायचा, कुणाचा ते कळलं नाही.
कधी पुलाव, कधी वर्तमानपत्रात चपात्या,
कधी नुसताच पाव.
पहिल्या दिवशी सगळ्यांनी विचारलं, "हे काय?"
रानातल्या त्या लोकांनीही हेच विचारलं होतं,
आणि प्रश्नाचंच नाव पडलं भाकरीला.

मी एक खाल्ला, एक उशाच्या पिशवीत.
दुसऱ्या दिवशी दोन. तिसऱ्या दिवशी तीन.
हळदीच्या गावचा माणूस मी.
माझा बाप हरिपूरच्या पेवात उतरायचा,
आधी कंदील सोडून, तो विझला नाही तर आपण.
वर्षानुवर्षं जमिनीच्या पोटात हळद राहते पिवळीधमक,
मग पावाला काय धाड भरली होती?

पाचव्या रात्री तबिता वायदंडे,
माझ्याच वर्गातली, पुढचे दोन दात पडलेली,
मला हलवून म्हणाली, "मास्तर, मुंग्या."
खिडकीतून, भारताच्या नकाशाखालून, थेट माझ्या उशाशी.
पेव फुटलं होतं.
पिशवीत हिरवी बुरशी, आणि तो वास
जो मी चाळीस वर्षं नाक दाबून
मुलांना करून दाखवला. मुलं हसायची.
तबिता हसली नाही.
बोटांवर काहीतरी मोजून तिनं विचारलं,
"उद्या शब्बाथ आहे का?"

सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायची मुभा होती.
मीच शिकवलेलं.
पोर मला पळवाट काढून देत होती.
"नाही गं. उद्या बुधवार."

ताठ मानेचे लोक, असं सांगत आलो मी त्यांच्याविषयी.
त्या रात्री वाटलं, ताठ नसेल,
मागे वळून वळून अवघडली असेल.
मिसरात रोजच्या विटा मोजून द्यायच्या,
एक कमी पडली की पाठीवर वळ.
अशा बोटांना कुणी एकदम कसं सांगावं,
आजच्यापुरतं घ्या, मूठ उघडी ठेवून झोपा?

शलोमी जागीच होती.
काही न बोलता तिनं उशीखालून
बिस्किटाचे दोन पुडे काढून माझ्या हातात दिले.
ते मात्र चांगले होते.
पहाटे वर्गात वाटले, कुणाला अर्धं, कुणाला चुरा.

मग पिशवी झटकून फाटकाशी उभा राहिलो.
नऊ वाजले. साडेदहा.
ढग होता तिथंच, जराही न हलता.
टेम्पोचा आवाज नाही.
सतरा कुटुंबं, माणसं एकसष्ट, त्यात तान्ही चार,
मी मोजायला लागलो
तर माझं बोट तबिताच्या मुठीत.
ओढून बघितलं. सोडेना.