दुधाचा दात

चाळणीची जाळी एक मिलिमीटरची.
तिच्यातून वारा जातो, राख जाते, दुपार जाते.
उरतं ते आम्ही बघतो.
मी, नाकापुआन आणि टेकडीपलीकडची दोघं,
तोंडाला फडकी, बुडाखाली पालथे जेरीकॅन,
पाठीमागे कुठेतरी तुर्काना तलाव,
इथून दिसत नाही, नुसता वास येतो.

रोजी ठरलेली. चहा दोनदा.
तिसऱ्या वर्षी माझे डोळे तयार झाले.
आता माशाचा मणका बोटालाच कळतो,
मगरीचा दात मी बाजूला सारते,
रेशनच्या चवळीतला खडा सारावा तसा.

सगळा दगडच. हाडाचाही दगडच झालेला.
म्हातारा लोपेयोक म्हणतो, जिभेला विचारा:
हाड चिकटतं, दगड चिकटत नाही.
या उतारावर त्याने आजवर काय काय चाटलं
आणि कोणाकोणाला,
अकुज जाणे.

त्याच्या खालच्या ओळीतले मधले दोन दात नाहीत.
लहानपणी काढले, तेव्हा सगळ्यांचेच काढत.
उद्या जबडा आवळलाच
तर तेवढ्या फटीतून दूध ओतता यावं.
तो हसला की दिसतं,
वाईट दिवसासाठी उघडं ठेवलेलं दार.

परवा, वारा पडतो त्या एवढ्याशा वेळात,
जाळीवर काहीतरी राहिलं.
मक्याच्या दाण्याहून लहान, काळपट,
एका अंगाने चकचकीत.
मी हात वर केला.
आम्ही ओरडत नाही, हात वर करतो.

डॉक्टर मुथेऊ गुडघ्यांवर आल्या.
ब्रश, भिंग, मग बराच वेळ काहीच नाही.
"मूल," म्हणाल्या. "पाच वर्षांचं. सहा."
आणि किती जुनं, तो आकडा सांगितला.
त्यात इतकी शून्यं होती
की आमच्या शेळ्या एकीतून शिरून दुसरीतून निघत
संध्याकाळपर्यंत चरल्या असत्या.

मी मात्र 'मूल'पाशीच थांबले होते.
इथे सापडतं ते मेलेलंच सापडतं.
तीन वर्षांत मी जे जे उचललं
ते कोणाच्यातरी हातून सुटलेलं,
ना पुरलेलं, ना झाकलेलं.
माझंही एक आहे, कोरड्या नदीच्या वरच्या अंगाला,
वर दगड रचलेत.
त्याला दात यायचेच होते.

मग त्यांनी तो उलटा केला.
"मूळ नाही, बघ. तुटलेलं नाही, झिजून विरलंय.
खालून नवा आला, त्याने ढकललं.
म्हणजे हा पडला तेव्हा..."
पुढचं त्या बोलल्या नाहीत, की वाऱ्याने नेलं,
कोण जाणे. मला त्याआधीच कळलं होतं.

हे मूल मेलं नाही.
निदान त्या दिवशी नाही.
दोन-तीन दिवस जिभेने हलवत बसलं असेल,
आई खेकसली असेल, शब्दांनी किंवा शब्दांवाचून,
मग पाण्याकाठी थुंकलं असेल,
रक्त चाखलं असेल,
आणि पळालं असेल.

एवढ्या मेलेल्यांत
कोणीतरी पुढे गेल्याची ही एकच खूण,
तीही थुंकलेली.

डबीत कापूस, डबीवर नंबर.
विमानाने नैरोबीला जाईल, माझ्याआधी.
लोपेयोकने विचारलं, "चाटलास?"
नाही म्हटल्यावर त्याने मान फिरवली,
सबंध दिवस वाया गेल्यासारखी.

रात्री मी एइपाचं तोंड उघडून बघितलं, बॅटरी लावून.
वर दोन फटी, एकीत पांढरी कड डोकावतेय.
"पडलेले कुठे टाकलेस?"
"तिकडे."
"तिकडे कुठे?"
झोपेत होता. त्याने नुसता हात केला,
आणि त्या हातात
शेळ्यांची वाट आली, नदी आली, सगळा उतार आला.