जमिनीखालचं ऊन

कूबर पीडीत माणसं उन्हाला भिऊन
जमिनीच्या पोटात राहतात.
यागोदाच्या घराला खिडकी नाही.
स्टिपेने ओपलसाठी पोखरलेली ही खोली,
भिंतींवर अजून यंत्राच्या दातांचे वळ.
ओपल निघाला नाही. खोली निघाली.

तिथे तिने विकतचं ऊन टांगलंय:
सकाळी सातला उगवणारा,
संध्याकाळी सातला खटकन मावळणारा दिवा.
त्याखाली अकरा पिल्लं, करंगळीएवढी,
दाढी फुटायची आहे अजून,
तोरा मात्र आत्तापासूनच.

पासष्ट दिवस ती डब्याचं झाकण उचलून
अंडी मोजायची. बारावं पिवळं पडलं.
ते टाकताना क्रोएशियनमध्ये काहीतरी पुटपुटली,
शिवी असेल, किंवा प्रार्थना.

आता रातकिडे कॅल्शियमच्या भुकटीत घोळवते,
मासे रव्यात घोळवावेत तसे.
पिल्लाच्या दोन डोळ्यांतल्या अंतराहून
मोठा एकही नाही.
तरी एकाने भावाच्या पायाचं बोट तोडलंच.
त्याला वेगळी पेटी, वेगळा सूर्य,
आणि विजेचं बिल फ्रिजवर, उलटं लावलेलं.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत,
मी तिला सांगितलं, आमच्याकडे म्हणतात.
ती हसली. इथे वर रानकुत्र्यांसाठी घातलेलं कुंपण
हजारो किलोमीटर जातं.
धाव म्हणावं.

सगळ्यात बारकं पिल्लू
तिची सावली पडली की एक हात उचलतं,
हवेत हळूच गोल फिरवतं.
पुस्तकात लिहिलंय, ही शरणागती:
मी लहान आहे, मला खाऊ नकोस.

यागोदाला ठाऊक आहे.
तरी ती चिमटा बाजूला ठेवते
आणि हात हलवते.