ठराव क्रमांक चार

घणसोलीत, पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत
आमच्या क्लबची सभा भरते.
खाली दळण चालू असेल तर
इथं खुर्च्या थरथरतात, बोलणंही पिठूळ होतं.

विषय एकच. प्रणित केणी घ्यायचा की नाही.
वय एकोणतीस. डावखुरा.
त्याच डाव्या गुडघ्याची फिल्म हिराजीशेठ
ट्यूबलाइटसमोर धरून उलटसुलट बघतायत,
सातबारा बघावा तशी:
नाव कुणाचं, बोजा कुठं.

बोजा आहे.
दोनदा शिवलेला स्नायुबंध, मांडीत जुनी फाट,
तीन हंगामांत मिळून अकरा सामने
आणि त्या अकरांत नऊ गोल.
हा नऊचा आकडा सिक्वेरा सर पुन्हा पुन्हा म्हणतात,
एकच पाढा येणाऱ्या मुलासारखा.

विभावरी ठाकूर, खजिनदार, कॅल्क्युलेटर काढतसुद्धा नाही.
"दोन लाख चाळीस हजार. म्हणजे पोरांचे बूट,
दोन वर्षांचे. वर मैदानाचं भाडं.
वरातीची घोडी घेतोय आपण, शेठ.
नाचणार एक संध्याकाळ, दाणा वर्षभर."

मग कुणीतरी बाकीचं काढतं.
उरणच्या क्लबची उचल घेतली आणि कोल्हापुरात सापडला.
कळव्यात स्वतःच्याच कप्तानाची कॉलर धरली.
तुर्भ्याच्या पेट्रोल पंपावरचा तो व्हिडिओ.
"आणि रेफरीला ढकललं," दळवी म्हणतात,
म्हणून झाल्यावर जीभ चावतात.
सगळे माझ्याकडे बघतात.

तो रेफरी मी.

सहा वर्षं झाली. नेरुळचं मैदान, शेवटची मिनिटं.
चेंडू रेषेच्या आत गेला की नाही
मला दिसलं नव्हतं. मध्ये एक रुंद पाठ होती,
डोळ्यांत ऊन होतं.
गोल नाही, म्हणून मी हात हलवला.
तो धावत आला, माझ्या छातीवर तळवा ठेवला.
ठेवला.
आत कुणी आहे का बघायला
बंद दारावर ठेवतो आपण, तसा.
"सर, तुम्ही पाहिलंत?"
मी मागं सरकलो, माझ्याच पायात पाय अडकला,
पडलो, आणि लोक हसले.

अहवालात मी एक क्रियापद बदललं.
त्याला आठ महिने बंदी.
परतला तो घाईनं, गंजलेल्या पायांनी,
आणि पहिल्याच सामन्यात गुडघा गेला.
डॉक्टर वर्गीस म्हणतात, असं एकाला एक जोडता येत नाही.
म्हणतात खऱ्या.

उचल, कॉलर, पेट्रोल पंप, हे त्याचं त्याचंच.
मी काही त्याला संत करायला बसलेलो नाही.
पण परवा तो मला रबाळ्याला दिसला,
पादचारी पुलाचा जिना उतरताना.
अंग आडवं करून, कठडा धरून,
एका पायरीवर दोन्ही पाय, मग पुढची.
खाली पोचला. कुणाची तरी रिकामी बाटली
घरंगळत आली पायाशी,
आणि डाव्या पायानं, खाली न बघताच,
त्यानं ती उचलली अलगद,
आठ पावलांवरच्या कचऱ्याच्या डब्यात.
मग चोरासारखं इकडंतिकडं बघितलं,
कुणी पाहिलं का.

मी पाहिलं.
या वेळी मध्ये पाठ नव्हती, ऊनही नव्हतं.

"लिहा," हिराजीशेठ म्हणतात, "ठराव क्रमांक चार."
इतिवृत्ताची वही माझ्याकडे असते.
तीन हात वर, तीन खाली,
राहिला माझा.
हिशेबानं विभावरीचंच बरोबर आहे,
हे मी आधी मोठ्यानं सांगून टाकलं.

खाली गिरणी थांबली.
इतकं शांत झालं की पेनाच्या टोपणाचाही आवाज झाला.
पानावर पिठाचा पातळ थर बसला होता.
तो पुसला, तारीख घातली,
त्याचं नाव लिहिलं पूर्ण, वडिलांच्या नावासकट,
आणि क्रियापदापाशी थांबलो.