त्रेपन्नाव्या मिनिटाला

गांगुर्डे बाईंची अट एकच:
कुणी कुणाच्या मुस्काटात मारता कामा नये.
मग सिनेमा कुठल्याही भाषेतला असो,
खालची अक्षरं मोठी हवीत, एवढंच.

चार वर्षांपूर्वी मी त्यांच्याकडे
पाण्याचा फिल्टर बदलायला गेलो होतो,
जेल रोडला, तिसऱ्या मजल्यावर.
जुनी कॅन्डल काढून दाखवली, गाळानं तपकिरी झालेली,
तर म्हणाल्या, "अगं बाई, एवढं सगळं पोटात जायचं राहिलं की!"
आणि मला बसवून चहा दिला.
त्या एकोणऐंशी, मी चौतीस.
बायको विचारते, तुझ्या कोण लागतात त्या?
मी म्हणतो, लागत नाहीत काही.
म्हणूनच जातो.

शनिवारी मला सुट्टी,
म्हणून शुक्रवारी रात्री मी सिनेमे गाळतो.
मुलगी झोपल्यावर, मोबाइलवर, कानात बोंडं घालून.
"कौटुंबिक" म्हणतात त्यात दहाव्या मिनिटाला सून रडते.
"हलकाफुलका" म्हणजे एका जाड माणसाला सगळे हसणार.
एक सापडला होता, डोंगरातली शाळा, बकऱ्या, पितळी घंटा,
मी खूश, सकाळी बाईंना फोन करायचं ठरवलं,
तर त्रेपन्नाव्या मिनिटाला मास्तरांनी हात उचलला.
वहीत लिहिलं: ५३. नको.

वही भरत आलीय.
कुत्रा मरतो, नको.
कुत्रा हरवतो पण सापडतो, विचारून.
दारू आहे पण पिऊन गाणी म्हणतात, चालेल.
म्हातारी एकटी, दवाखाना, शेवटी खिडकी, नको.
ह्याच्याखाली दोन रेघा.

बाई नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होत्या, एकतीस वर्षं.
तिकिटांचे ताव तपासायच्या,
सरकलेला रंग, वाकडी गेलेली छिद्रांची रांग.
ती नजर अजून रिटायर झालेली नाही.
"मघाशी कप उजव्या हाताला होता."
"घड्याळात सव्वाचार, आणि सावली बघ, भर दुपारची."
चूक सापडली की चिवड्याची वाटी माझ्याकडे सरकते.

गेल्या महिन्यात म्हणाल्या,
तो खिडकीवाला पाहिला मी. भाचीनं लावून दिला.
माझा चेहरा पडला.
"तू खाली स्कूटर हलवायला गेलास तेव्हा वही बघितली.
दोन रेघा मारल्या होत्यास, म्हटलं काहीतरी असणार.
अरे, मरते ती, पण किती नीट मरते!
नर्स तिची वेणी घालून देते.
कुणी आवाज चढवत नाही.
मला मरणाचं काय रे?
आवाज चढला ना, की..."

फ्रीज घुरघुरला, बंद झाला.
भिंतीवर गांगुर्डे साहेबांचा फोटो आहे,
त्याला हार नाही, हे मी चार वर्षं बघतोय.
मी काही विचारलं नाही.
चिवड्यातले शेंगदाणे वेचत बसलो.

ह्या शनिवारी मी न गाळताच एक आणला.
म्हटलं, रिमोट तुमच्या हातात.
एक माणूस बंद पडलेल्या बसथांब्याला रंग देतो.
एवढंच. पावणेदोन तास.
हिरवा द्यावा की पिवळा, ह्यातच अर्धा सिनेमा,
शेजारीण डबा आणते, तोही तो आधी खात नाही.
आठवडाभर सिडकोतले जिने चढून
माझ्या पोटऱ्या दगड झाल्या होत्या.
खुर्चीतच झोप लागली, तोंड उघडं.

जागा झालो तर आवाज अगदी बारीक केलेला,
गुडघ्यांवर त्यांची शाल, नेप्थलीनच्या वासाची.
पडद्यावर नावं सरकत होती.
बाई चष्मा पुसत होत्या.

"शेवट काय झाला?"
"दिला रंग."
"कोणता?"
"ते तू बघ."
"आणि मारामारी वगैरे?"
"एक जण अंगावर आला होता त्याच्या.
तू झोपला होतास, म्हणून मी पुढे ढकललं."

मग म्हणाल्या, आता ऊठ, दहा वाजले.
खाली गेटची कडी नीट लाव,
आवाज करते ती.